थोरलीत आधी दोन बादल्या पाणी

५ मार्च, गुरुवार
सकाळी सगळ्यांची विचारपूस. सौ.चे गुडघे: डावा बरा, उजवा रुसलेला. माझी साखर काबूत. लेक रेखा चितेगावला ठणठणीत, आवाजावरून तरी. जावई विलासराव सर्दीनं बेजार. वैजापूरच्या अक्का, म्हणजे सौ.ची मोठी बहीण, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून.
दारात एक नवीन पाव्हणी. विलासरावांनी जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलंय. पलंग, ओटा, एवढीशी न्हाणी, संडास. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्यांना भाड्यानं देतात. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नाय, म्हणून आमच्या अंगणात मुक्काम. देखभाल माझ्याकडं. गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या. मोठी संडासाची, लहान न्हाणी-ओट्याच्या पाण्याची. मी नावं ठेवली थोरली आणि धाकटी. इथून पुढं थो. आणि धा.
रेखा म्हणते, "नाना, आईला घेऊन अक्कामावशीकडं जाऊन या. आता सबब उरली नाय."
सबब अशी की सौ.ला अर्ध्या अर्ध्या तासाला जावं लागतं. एस.टी. थांबत नाय, आणि थांबली तर तिथं पाय ठेववत नाय. अक्कांचे मालक गेले तेव्हा ही दहाव्यालाही गेली नाय ती यापायीच. खरं सांगायची लाज, म्हणून "घरी काम होतं" म्हणाली. अक्कांनी काय समजायचं ते समजून घेतलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं "बरी हायेस का" एवढ्यावर.

८ मार्च, रविवार
आधी अंगणातच सराव करायचं ठरलं. मुक्काम गाडीत, जेवण घरात. सौ.ला सवय व्हायला पायजे.
थो.ची नळी आपल्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडली आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. साठवायचंच कशाला? आलं की गेलं. आपल्या गावात नळाला पाणी कधी येईल नेम नाय, म्हणून दुसरा नियम: दर खेपेला एकच मग. सौ. त्यात उस्ताद, अर्ध्यातच भागवते. दोघंही स्वतःवर खूश.

११ मार्च, बुधवार
वास.
सौ. म्हणाली, "उंदीर मेलाय कुठं तरी." उंदीर सापडला नाय. फिनेल ओतलं. मग दोन्ही वास जोडीनं यायला लागले. शेवटी मोरी घासायच्या ॲसिडची बाटली काढली. सौ.: "ओता की, मुहूर्त बघताय का?" सहज म्हणून विलासरावांना फोन केला. तिकडून ओरडलेच, "नाना, थांबा! व्हॉल्व्हचं रबर खाईल ते! मग सगळं तुमच्या तुळशीपाशी!"
बाटली परत फळीवर.

१२ मार्च, गुरुवार
विलासराव आले. मोबाईलचा उजेड पाडून वरून थो.त डोकावले.
"व्हॉल्व्ह उघडा होता व्हय?"
"व्हय."
"पाणी किती टाकता?"
"एक मग. तुमच्या सासूबाई अर्धाच."
मान फिरवून हसले. सासऱ्याच्या तोंडावर कसं हसणार बिचारे. मग समजावून सांगितलं. व्हॉल्व्ह उघडा ठेवला की पाणी तेवढं पुढं पळतं आणि बाकीचं मागं बसतं. वाळतं. गोवऱ्या रचाव्यात तसं. व्हॉल्व्ह बंद पायजे, रिकाम्या थो.त आधीच दोन बादल्या पाणी पायजे, आणि टाकी भरत आली की एकदम सोडायची. रेट्यानं सगळं जातं.
"नाना, भाड्याच्या पाव्हण्यांना मी पाणी जपून वापरा म्हणतो. तुम्हालाच सांडा म्हणायची पाळी आली."
जन्मभर थेंब थेंब राखला आणि नेमकं तेच नडलं. सौ. म्हणे, "आईनं शिकवलेलं सगळंच चुकीचं ठरायला लागलं आता."

१५ मार्च, रविवार
कपडे धुतलेलं पाणी राखून ठेवलं होतं, ते साबणासकट थो.त ओतलं. व्हॉल्व्ह बंद. पाऊण टाकी भरली. गाडी काढली, पैठण रोडनं चितेगावपर्यंत गेलो न् आलो. त्या रस्त्याच्या खड्ड्यांना आजवर शिव्याच दिल्या, आज आशीर्वाद दिले. आत नुसतं डचमळत होतं.
घरी येऊन रात्रभर भिजू द्यायचं होतं, पण मला कुठला धीर. हातमोजे चढवले, नळी जोडली, गुडघे टेकून थो. सोडली. आधी नुसतं गुरगुरली, मग जी सुटली! निम्मं तरी गेलं. मग धा. सोडली. हा क्रम चुकवायचा नाय. धा.चं साबणाचं पाणी मागून आलं की नळी आपोआप धुतली जाते.
नळी काढताना निसटली. पायजमा गेला कामातून. मी हसत सुटलो. वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत सौ. ती हसत नव्हती.

१७ मार्च, मंगळवार
थो. आणखी दोनदा भरून सोडली, आता स्वच्छ. पण सौ. गाडीत पाऊल टाकीना. पाणीही पिईना. तांब्या भरलेला तसाच.
"का गं, पाणी का पीत नाईस?"
"तहान नाय."
मार्च महिना, आपलं गाव, आणि म्हणे तहान नाय.
लई खोदून विचारल्यावर बोलली. "तुम्ही गुडघे टेकून माझी घाण काढायची? बघितलं मी परवा. त्यापरीस नाय जात मी कुठं. अक्का रागावलेली बरी."
"माझ्या हर्नियाच्या वेळी भांडं कुणी उचललं?"
"ते वेगळं."
"कसं वेगळं?"
"बाईनं केलं की त्याला कुणी काही म्हणत नाय. म्हणून वेगळं."
मी तांब्या तिच्यापुढं सरकवला. तिनं तो परत सारला.
रेखा फोनवर म्हणाली, "माणूस लावा ना नाना कुणीतरी." नको. लावला तरी कुणीतरी गुडघे टेकणारच. आपलं आहे, आपण काढू. पण ही पाणी पिईना तर काढायचं काय आणि जायचं कुठं?

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. कडुलिंब खाताना सौ.नं तोंड वाकडं केलं नाय, म्हणजे डोक्यात दुसरंच काही. जेवताना एकदम म्हणाली, "त्या थोरलीत तुमचं माझं वेगळं राहतं का?"
"नाय बा. नावं घालायची सोय नाय."
"मग सोडायची एक खेप तुम्ही, एक मी."
"आणि तुझा गुडघा?"
"ते तुम्ही बघा. एवढं डोकं चालतंय ना टाकीत."
श्रीखंड तसंच सोडून गज शोधायला उठणार होतो. "आधी खा," म्हणाली.

२१ मार्च, शनिवार
सीताफळं काढायची आकडी असते ना, तशी लोखंडी गजाची केली. टोकाचा आकडा व्हॉल्व्हच्या मुठीत अडकवायचा आणि उभ्यानंच ओढायचं. नळी मी जोडून दिली. सौ.नं पदर खोचला, माझे हातमोजे घातले, ओढलं. गच्च. पुन्हा ओढलं.
घळाघळा आवाज आला तशी दोन पावलं मागं सरली, न् मग नळीवरनं नजर हलेना.
शेजारचे बशीरभाई भिंतीवरून, "क्या भाभी, बोअर लगा क्या?"
"नाय हो भाऊ. थोरल्या जावेला वाटं लावतेय."
बशीरभाईंना काय कळलं देव जाणे, पण हसले. सौ. पण हसली. मग मलाच बोलली, "धाकटीत पाणी कमी ठेवलंत. नळी नीट धुतली नाय." हातमोजे काढून घरात गेली आणि उभ्यानं तांब्याभर पाणी प्याली.

२४ मार्च, मंगळवार
चाचणी म्हणून लासूर स्टेशनपर्यंत. निघताना सौ. पोटभर पाणी प्याली, मुद्दाम माझ्यासमोर. वाटेत एका लिंबाखाली गाडी उभी केली. पडदे ओढून आत गेली, आली, पदर सारखा केला.
"चहा मिळंल का हो इथं?"
प्रवासात हिच्या तोंडून चहाचं नाव मी विसरून गेलो होतो. दोन कप प्याली. पुढं आणखी एकदा गाडी थांबवली, तेव्हा माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय, हक्कानं उठून गेली.
लासूरला वैजापूरचा रस्ता सरळ पुढं. मी गाडी बंद केली नाय. ती त्या रस्त्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "आज नको. आधी तिला सांगू दे. नुसतं जाऊन उभं राहिलं तर पुन्हा भलतंच समजंल."

२६ मार्च, गुरुवार
सकाळी धा. तपासली. थो. रिकामी करायची पाळी माझी होती, केली. व्हॉल्व्ह बंद.
अक्कांना फोन लावला, उचलला नाय. पुन्हा लावला. नाय. सौ. म्हणाली, "बोलणं भरून पाठवायचं असतं ना, ते लावून द्या. आणि तुम्ही बाहेर जा."
गेलो, पण खिडकी उघडी होती. आवाज आधी बारीक, मग मोकळा.
"अक्का, मी बोलतेय. डोळा कसा आहे? भाऊजींच्या वेळी घरात काम नव्हतं गं. मला सारखी लघवी लागते, वाटेत जायचं कुठं म्हणून आले नाय. सांगायची लाज वाटली. तू मनाला लावून घेतलंस, बरोबरच केलंस. आता गाडीत सोय झालीय. तुझ्या अंगणात ड्रेनेजचं झाकण कुठंशी आहे? आम्हाला तिथंच लागून गाडी लावावी लागंल."
मग मोबाईल हातात धरून बसली. मी दोन बादल्या उचलल्या आणि थो.त ओतल्या. तो आवाज आत गेला असणार, कारण तिनं बटण परत दाबलं.
"अक्के, लौकर बोल गं. टाकीत पाणी घालून बसलोय आम्ही."