चौदा नंबरची टीप

९ जानेवारी

आज दिवसभर उसवलं. उद्याही उसवणार. परवाही.

इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. कारखान्याच्या पुढच्या दारानं कॉलेजची पोरं येतात, 'शिकता शिकता काम' योजनेतली. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. मागच्या गल्लीतल्या दारानं आम्ही येतो, कंत्राटावरच्या बायका, आणि त्यांनी शिवलेलं सगळं ब्लेडनं उसवतो. दोरे झाडायचे, मशिनचा नंबर लिहिलेला स्टिकर सोलायचा, वाफेची इस्त्री फिरवायची, गठ्ठा बांधायचा. दोन दिवसांनी तेच कापड पुन्हा पुढे, पुन्हा शिवायला. इस्त्रीनं वरची भोकं मिटतात. खालच्या फोमवर राहतात, पण फोमला कोण बघतंय!

पोरांना वाटतं आपली कव्हरं गाड्यांत बसून गावोगाव चाललीत. चाललीत भिंतीपलीकडे. माझ्या मांडीवर.

पहिल्या दिवशी सुपरवायझर बाईला विचारलं होतं, हे असं का? ती म्हणाली, "खरी ऑर्डर आहेच किती? पोर मशिनवर बसलेलं दिसलं की अनुदान मिळतं. कापड महाग, पोरं फुकट. तू हात चालव, डोकं नको चालवू."

घरी सांगितलंय, छापखान्यात प्रूफं तपासते. अगदीच खोटं नाही — दुसऱ्यांनी केलेलं खोडायचंच काम!

१३ जानेवारी

धाकटी उड्या मारत घरी आली. कॉलेजातून निवड झाली म्हणे! कसली, ते तिनं सांगायच्या आधीच मला कळलं.

घरात आम्ही तिघं — बाबा, ती, मी. बाबा गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला. हातातला टॉवेल तसाच ठेवून उभे राहिले. "म्हणजे मी धुतो त्या गाड्यांत तू शिवलेलं असणार?" धाकटी म्हणाली, "मग! नीट धुवा हं, माझं काम आहे आत." बाबा एवढे हसले की खोकला आला. मग माझ्याकडे वळले. "बघ. हिचं निदान वापरात तरी येतं. तुझं ते लिहिणं — ना बसायला, ना पुसायला."

मी म्हटलं, वा, अभिनंदन.

सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर माझा छापखाना कोसळला असता, हे एक कारण. खरं कारण — मला बघायचं होतं.

२० जानेवारी

आलं! स्टिकर चौदा. तिच्या मशिनचा नंबर घरभर ओरडून झालेला आहेच.

टीप कसली, दारुड्यानं घर शोधावं तशी. कडेला पोचायच्या आधीच दम सुटलेला. शेवटचा टाका पक्का केलेला नाही. एक हिसका दिला, सगळी सर्रकन सुटली. लाडात वाढलेल्या माणसासारखी.

शेजारच्या टेबलावरची आत्याबाई — सगळ्यात जुनी, सगळ्यांची आत्या — म्हणाली, "काय गं, आज गालात हसतेयस? कोण भेटलं?"

संध्याकाळी धाकटी म्हणते, "बाबा, पहिलंच कव्हर पास! बाई म्हणाल्या, हात चांगला आहे. गाडीत बसवलं पण असेल एव्हाना!" बाबांनी स्वतःच्या ताटातलं तिला वाढलं. तो तिचा "हात" तेव्हा माझ्या खिशात होता, दोऱ्याची गुंडाळी होऊन.

खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

२१ जानेवारी

गोड लागलं, असं लिहिलं मी? हो. खोडणार नाही.

३० जानेवारी

बाबा डबा विसरले म्हणून मी सेंटरवर गेले. आजचा नियम: बघितलं तेवढंच लिहायचं, मत नको.

पांढरी गाडी. चारी दारं उघडी. बाबा मागच्या सीटवर ओणवे, दोन बोटांनी शिवण चाचपतायत. गाडीचा मालक फोनवरून मान वर करून — "ओ काका, गाडी धुवा. चाचपताय काय?" बाबा, आतूनच, "माझी मुलगी शिवते हो ही कव्हरं." मालक — "बरं! मग काय, सीट काढून देऊ घरी न्यायला?" पाइप धरलेली सेंटरवरची दोन माणसं हसली. मग बाबाही हसले. सगळ्यात जास्त तेच.

मी खांबामागे, डबा हातात. पुढे व्हावं, डबा द्यावा, त्या मालकाला काहीतरी बोलावं. केलं काय? उभ्या उभ्या वाक्यं जुळवली. ही वरची. "ओणवे" हा शब्द तिथेच सुचला आणि बरं वाटलं!

मत नको म्हटलं होतं. गेला नियम.

१२ फेब्रुवारी

आज योजनेचे मोठे साहेब आले. आमच्या शेडचं शटर खाली, दिवे बंद, पंखेही. "कुणी खोकलं तरी घरी पाठवीन," सुपरवायझर बाई. अंधारात घामाघूम बसून लाउडस्पीकर ऐकला. या भागातल्या उद्योगांना कुशल हात हवेत... वर्गाच्या भिंती पाडायच्या आहेत... एका शेडच्या तीन शेड... येत्या वर्षी प्रत्येक कॉलेजातलं प्रत्येक पोर कामावर!

आत्याबाई माझ्या कानात, "प्रत्येक पोर? अगं बाई, ब्लेडं पुरायची नाहीत."

मग साहेबांनी कुणालातरी विचारलं, कसं वाटतंय बेटा? माइकवर धाकटी! आवाज जराही न कापता — "सर, माझे बाबा गाड्या धुतात. आत्तापर्यंत ते लोकांच्या गाड्या धुवायचे. आता त्या गाड्यांत त्यांच्या मुलीचं काम असतं."

टाळ्या. थांबेचनात. पत्र्याचं शटर थरथरत होतं.

चांगलं वाक्य आहे. माझ्यापेक्षा चांगलं. मी इतकी वर्षं पानं भरतेय, मोडतेय, क्रियापदं काढून बघतेय, उलटं लिहून बघतेय — माझ्या एका तरी वाक्यावर कुणी बोटानं टिचकी वाजवलीय का? आणि ही! दुसऱ्या वर्षाची! वाकडी टीप मारणारी!

साहेबांची गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच शटर वर झालं आणि गठ्ठा आला. तिनं साहेबांसमोर शिवलेलं कव्हर सगळ्यात वर. टीप आता वाकडी नाही. सरळ, घट्ट, दोन्ही टोकांना उलट फिरवून पक्की केलेली. हिसक्यानं सुटेना. एकेक टाका काढावा लागला. शेवटाला ब्लेड घसरलं, बोट चांगलंच कापलं.

घरी म्हटलं, कागदानं कापलं. धाकटीनं बोट हातात घेऊन पट्टी बांधली. "प्रूफं चावतात का गं, ताई?" मग माझ्या केसातून एक दोरा काढला, दिव्याजवळ धरून बघितला, फुंकर मारून उडवला.

१९ फेब्रुवारी

आज उसवतात तसं लिहिते. शेवटच्या टाक्याकडून पहिल्याकडे.

जेवताना धाकटी म्हणाली, "आज तर बाबा, बाईंनी सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं!" बाबा म्हणाले, घेणारच.

त्याआधी ती नळाखाली तोंड धूत होती. खूप वेळ. नाक लाल.

त्याआधी, दुपारी, भिंतीपलीकडून सुपरवायझर बाईचा आवाज. "चौदा नंबर, उभी राहा. उभी राहा! हे कापड तुझ्या बापानं विणलंय? माइकवर बोलायला जमतं, कापड धरायला जमत नाही? सुट्टी होईपर्यंत हे गळ्यात घालून उभं राहायचं." मग पोरांचं हसणं. आधी दबून, मग मोकळं.

त्याआधी, सकाळी, मी सुपरवायझर बाईकडे कव्हर घेऊन गेले. "बघा ना, चौदा नंबरनं कापड फाडलंय."

त्याआधी माझं ब्लेड. टिपेच्या कडेनं, कापडात, हातभर.

फाडताना स्वतःला काय सांगितलं? की तिला काढून टाकतील, ती परत वर्गात बसेल, शिकेल, सुटेल. ताई म्हणून भलंच करतेय.

भलं कसलं! टीप सरळ होती म्हणून फाडलं.

२० फेब्रुवारी

म्हणजे "हात चांगला आहे" हेसुद्धा तिनंच रचलेलं होतं? त्या पहिल्या दिवशीचं?

२ मार्च

बाबांनी आम्हा दोघींना सेंटरवर नेलं. जबरदस्तीनं. "सापडली! या, दाखवतो." निळी गाडी. धुतलेली, पुसलेली, मालक यायचा होता. बाबांनी हात पँटला दोनदा पुसले आणि मागचं दार उघडलं, पाहुण्यांना उघडावं तसं.

"ही. ही तुझीच ना? टोकाला बघ, उलट फिरवून पक्की केलीय. तू सांगितलं होतंस ना तशीच!"

असली टीप हजारो कव्हरांना असते. धाकटी आत बसली. शिवणीवरून बोट फिरवलं. घाई नाही.

"हो बाबा. माझीच."

बाबा दाराची कड धरून उभे. चेहरा असा, की बघवेना. आणि मला तो चेहरा फाडावासा वाटला, खरंच सांगते. म्हातारा माणूस, कुणा परक्याच्या गाडीला कवटाळून! मी म्हटलं, "बाबा, ऐका. या गाड्यांचं असं आहे की—"

"ताई," धाकटी आतून म्हणाली, "तुझ्या छापखान्याचं सांग ना. सध्या काय छापताय तुम्ही?"

आवाज गोड. बोट अजून शिवणीवरच.

मी म्हटलं, कॅलेंडरं.

योगायोग असेल. एवढी हुशार नाही ती.

९ मार्च

बॅच संपली. सगळ्यांना प्रमाणपत्रं, आणि कायम नोकरी एकीलाच. एकीलाच! धाकटीनं सांगितलं आणि बाबा आधी खुर्चीवर बसले, मग उठले, मग परत बसले. "कुठलं खातं?" "ते परवा ठरेल, बाबा. मला विचारणार आहेत, कुठे बसायचं ते." "बघ!" — हे मला. "विचारून देतायत जागा!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

१० मार्च

सुपरवायझर बाई आमच्या शेडमध्ये आली. चक्क खुर्ची ओढून बसली. योजना वाढतेय, नव्या शेड उभ्या राहतायत, आता हेही खातं पक्कं करायचंय म्हणे. "कंत्राटाची भानगड नको वरच्यांना. कायमची माणसं येतील, त्यांना काम दाखवा. मग बघू."

"मग बघू म्हणजे?" आत्याबाई.

"म्हणजे मग बघू."

आत्याबाईनं ब्लेड खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत ब्लेड उचललं. कव्हर तर तिला संपवायचंच होतं.

मी बाबांपुढे काय सांगणार? छापखाना कुठे जातो? दुपारभर त्याचीच वाक्यं जुळवली. एकही जमलं नाही. आणि एवढं सगळं ज्यांच्यापासून लपवलं, ते बाबा संध्याकाळी काय म्हणाले? "तुझं तरी पक्कं आहे ना गं, छापखान्यातलं? नाहीतर धाकटी तिच्या कारखान्यात शब्द टाकेल."

धाकटी म्हणाली, "टाकेन की."

११ मार्च

शटर वर गेलं. सुपरवायझर बाई, मागे धाकटी. गळ्यात नवं ओळखपत्र. "बॅचमधली पहिली. हिला दाखव, कसं उसवतात ते."

दाखवावं लागलं नाही. तिनं कव्हर उचललं, उलटं केलं आणि फोमवरच्या जुन्या भोकांच्या रांगेवरून नख फिरवलं. "पहिल्याच दिवशी दिसली ही मला. आणि संध्याकाळी तुझ्या केसात दोरे." मग हात पुढे केला. "कुठलं टेबल हवं, विचारलं त्यांनी. म्हटलं, चौदा नंबरचं कापड जिथे फाटलं ते."

मी ब्लेड दिलं.

"सरक, ताई. आणि बाबांना सांग, छापखाना बंद पडला."