आईला क्रीम लावताना

छोटे,

तू काल रात्रीच एवढ्या लांबून आलीस आणि मला पहिली गाडी गाठायची होती, म्हणून तुला उठवलं नाही. मी येईपर्यंत आईचं तोंड तूच धू. तुझा तो फेसाळ फेसवॉश तुझ्या तेलकट चेहऱ्याला ठीक आहे, तिला लावशील तर खबरदार! तिची त्वचाही एकेकाळी तुझ्यासारखीच होती, आता पार कोरडी पडलीये. नुसत्या कोमट पाण्याने धू, टॉवेलने घासू नकोस, टिपून घे. चेहरा ओलसर असतानाच निळ्या डबीतलं क्रीम लाव. नाकाच्या कडेला अजून तेल सुटतं, तिथे नको. गाल लगेच लाल होतात, हात हलका ठेव.

क्रीम लावायला लागलं की ती मला पार्लरवाली समजते. तुलाही समजेल. "अगं, मी तुझी मुलगी" असं सांगायला जाऊ नकोस. मी सांगून पाहिलं, ती घाबरून रडायलाच लागली. त्यापेक्षा विचार, "काकू, मुलं काय करतात?" मग बघ कशी कळी खुलते. तुझं कौतुक सांगताना थकत नाही.

माझंही नाव काढते का, तेवढं ऐकून ठेव. मला तर रोज सांगते, एकच मुलगी आहे, लांब असते.

ताई