खुंटावरचा निळा ठिपका

७ ऑक्टोबर
“जंगलात चूक झाली, तर माफी मागायलाही माणूस उरत नाही,” वडील म्हणायचे. ते करवत चालवायचे. आज आठवलं, कारण लाकूडतोड्यांना जंगल राखून तोड शिकवायला मी या गावी आले. नदीपलीकडे कॅनडा. सहा शिष्य. त्यांतली एकटी बाई, ओडील, हिने सकाळी कुट्टूची गरम धिरडी आणि मेपलचा पाक आणला. खूप बरं वाटलं.

९ ऑक्टोबर
खुणा शिकवल्या. पाडायच्या झाडाला दोन निळे ठिपके : छातीच्या उंचीवर एक, मुळाशी एक. झाड गेलं तरी खुंटावरचा ठिपका सांगतो की ते निवडूनच पाडलं. टेकडीवरचा म्हातारा बर्च मी निवडला. पोकळ, किडका, खालची रोपं खुरटवणारा. कुणी करवत उचलेना. शिष्यांतला सत्तरीचा आदेलार म्हणाला, “मास्तरीणबाई, आज्यानं सोडला, बापानं सोडला. सगळे येडेच होते होय?” मी म्हटलं, आजची परीक्षा पुस्तकाप्रमाणेच होईल. ओडीलने तो अचूक पाडला. पैकीच्या पैकी गुण दिले.

१३ ऑक्टोबर
शिष्यांतल्या रोझेरच्या जॅकेटवर, छातीशी, निळा ठिपका. बुटाच्या टाचेवर दुसरा. तो हसत होता, “बाई, मलापण काढलंत का तोडीला?” माझा रंग कुलपात होता. डबा भरलेला.

१५ ऑक्टोबर
रोझेर गेला. वारा नव्हता, तरी वरून फांदी आली. शर्टाखाली कातडीवरही ठिपका होता. त्याच्या बायकोने घासला. निघाला नाही.

१६ ऑक्टोबर
वर्ग बंद. आदेलार म्हणाला, तो बर्च जंगलाने स्वतःसाठी ठेवलेला. आता ते आपल्यातून निवडतंय. मी हसले नाही.

१८ ऑक्टोबर
ओडील आली, मुलगी कडेवर. गळपट्टी खाली ओढून दाखवली. निळा. टाचेवरही. “अंगावर रंग उडाला असेल ना, बाई?” मी हो म्हटलं.
बर्च पाडायचा हुकूम माझा होता. तिने फक्त ऐकलं.

१९ ऑक्टोबर
रोझेरला दोनच दिवस मिळाले होते. ओडीलला सांगितलं, घराबाहेर पडू नकोस. पण घराभोवती झाडंच—

२० ऑक्टोबर, दुपार
बर्चच्या खुंटाशी बसलेय. स्वतःला रंगवलं, छातीवर, टाचेवर. रंग टिकत नाही. पाण्यासारखा ओघळतो — पुन्हा लावला — पुन्हा —
खाली तिच्या घराकडे लाकूड करकरतंय.
खूण झालेलं झाड बदलून मिळत नाही, हे मीच शिकवते. झाडांनो, तुम्ही नाहीच म्हणाल. तरी मागते. तिला सोडा, तिच्या जागी मला घ्या. तिची पोर अजून दोन वर्षांचीही —