सातव्या श्वासाला डावीकडे

६ जानेवारी २०२५, सोमवार. पहाटे ५.३५
गुंजारव. बंद ओठांतून, जणू भिंतीत पोळं आहे. चामराजपेटच्या घरात, देवघरात, वडिलांच्या डाव्या हाताला माझी चटई असायची, तिथं ऐकलेला. आज मल्लेश्वरमच्या फ्लॅटमध्ये पुन्हा तोच! अप्पा जाऊन एकतीस वर्षं झाली, पण आलेच शेवटी.
भ्रामरी जुन्या पोथ्यांत आहेच. पण सातव्या श्वासाला मध्येच थांबायचं, डावीकडे बघायचं आणि मग पुढं, ही डावी नजर फक्त आमच्या घराण्यात. बापाकडून थोरल्या मुलाला. म्हणजे मला.
संकल्प: रोज एकवीस आवर्तनं. शिवाय ग्रंथ. आरंभ शार्दूलविक्रीडितात.

७ जानेवारी
आवर्तनं चार. पुढं डोळा लागला. त्याला समाधी म्हणावं का, ते ग्रंथात बघू.
ग्रंथ: अर्धी ओळ. शाळेत मास्तर डस्टर आपटून गण मोजायचे. घरात डस्टर नाही, म्हणून अडलंय.

९ जानेवारी
अनर्थ. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये अनुषा नावाची मुलगी 'हम रीसेट'चा, म्हणजे इंग्रजी गुणगुणण्याचा, क्लास घेते. आयटीवाल्यांसाठी, अकरा मिनिटांत. सूनबाई सौम्यानं व्हिडिओ दाखवला. सातव्या श्वासाला पॉज, मग लूक लेफ्ट. दिवसाढवळ्या चोरी!
सौम्या म्हणाली, मामंजी, मग पहाटेचा आवाजही तिथलाच. मी म्हटलं, अप्पांना फ्लॅट नंबर लागत नाही.
उद्या वर जाऊन जाब विचारणे.

१० जानेवारी
गुडघा. लिफ्ट चालू होती, पण असला प्रश्न जिन्यानंच न्यावा.

११ जानेवारी, शनिवार
गेलो. लिफ्टनं. मुलगी नम्र. बसा अंकल, स्वल्प कॉफी घ्या म्हणाली. घेतली. निषेध कॉफीनंतर.
हे कुठून उचललंस विचारलं. तर म्हणे, शहराबाहेर आनेकलला चंपक्का आहेत, कारखान्यातल्या बायकांना शिकवतात, त्यांच्याकडून.
चंपा! माझी धाकटी बहीण. अप्पांच्या तेराव्याला म्हणाली होती, मलाही येतं. मी चारचौघांत म्हटलं, मुलींना देत नाहीत, खोटं बोलू नकोस. तेव्हापासून बोलणं बंद.
पुढचं लिहूच नये. डावीकडे का बघायचं, असं अनुषानं तिला विचारलं होतं. चंपा हसत सुटली म्हणे. अप्पांच्या डावीकडे थोरला बसायचा, सातव्यापर्यंत हमखास पेंगायचा. तो जागा आहे की झोपला, ते अप्पा थांबून बघायचे. उजवीकडे बसून ती रोज पाहायची.
मग तू कशाला शिकवतेस, विचारलं. अनुषा म्हणाली, अंकल, क्लाएंट्सना तोच पॉज सगळ्यात आवडतो.
साफ खोटं. चंपाचं, म्हणजे. ग्रंथात खंडनाचं प्रकरण घालणे.

१३ जानेवारी
खंडन झालं नाही. आठवत बसलो. अप्पांच्या पलीकडे कोणी होतं का? होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी.
सातव्यापर्यंतचा एकेक गुंजारव कानात आहे. आठवा कसा असायचा, आठवत नाही. एकदाही नाही.
जाग यायची तेव्हा अंगावर अप्पांची शाल असायची. ती मी दीक्षा समजत आलो.

१४ जानेवारी, संक्रांत. दुपार
वर क्लासला कुलूप. सौम्या आणि मुलगा कालच तिच्या माहेरी गेलेत. तरी पहाटे गुंजारव आला. मोजत गेलो. सातव्याला थांबला. उजव्या गालावर कुणाची तरी नजर. मी ताठ बसलो, डोळे उघडे. आज आठवा ऐकायचाच.
मग एकदम बेल. किती वेळ वाजत होती कोण जाणे. उन्हं पार सोफ्यापर्यंत आली होती. अंगावर शाल. ती कधी घेतली, आठवत नाही.
दार उघडलं. पांढऱ्या केसांची बाई, हातात तीळ-गूळ-खोबऱ्याच्या एळ्ळू-बेल्लाचा डबा. अनुषानंच पत्ता दिला असणार. तीळगुळाचा सण, काहीतरी गोड बोलेल म्हणून वाट पाहिली. चंपानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, अण्णा, झोपला होतास?
नाही म्हणणार होतो. तोंडून निघालं, आठवा कसा असतो गं?