बसलास ना?

ड्युसेलडॉर्फ,
रविवार, २२ नोव्हेंबर २००९

प्रिय दादा,
सविनय जय भीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा आता कसा आहे? इथे दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. मागच्या आठवड्यात इराने शाळेच्या मिरवणुकीत स्वतः केलेला कागदी कंदील मिरवला. "थंडी वाजते का गं?" विचारलं, तर म्हणाली, "नाइन, पापा." म्हणजे नाही. मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

हर्षाताईचा फोन आला होता. तुम्ही वाचनालयात पेढे वाटलेत म्हणे. "आमचा लेक अश्वजित जर्मनीत बसला!" दादा, यात गैरसमज झालाय. तुम्ही फोनवर विचारलंत, "बसलास ना?" मी म्हटलं, "हो, बसलोय." मी सोफ्यावर बसलो होतो.

आपल्या घरात या शब्दाचा अर्थ काय, ते मी विसरलो. जेवताना तुम्ही अमेरिकेतल्या फ्लिंटची गोष्ट सांगायचात. १९३७ चा हिवाळा, मोटारींचा कारखाना, आणि संप करणारे कामगार बाहेर पडलेच नाहीत. यंत्रांशेजारी चव्वेचाळीस दिवस बसून राहिले. आपल्या भिंतीवर त्यांच्या पुढाऱ्याचा, जॉन लुईसचा, जाड भुवयांचा फोटो. शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "हे तुमचे साहेब का?" तुम्ही म्हणालात, "साहेब नव्हे हो, साहेबाला घाम फोडणारा!"

पिंपरीत तुम्हीही तसेच बसलात. एकविसाव्या दिवशी तुमच्या युनियनच्या दिनकरकाकांनी कंपनीच्या कागदावर सही केली. बाकीचे कामावर परतले, तुमच्यासह अकरा जण कायमचे बाहेर. "दिनकर उठला." एवढंच तुम्ही बोललात, पुन्हा त्यांचं नाव नाही. त्यानंतर ताटावरून कोणी "मी उठतो" म्हटलं की आई डोळे मोठे करायची.

आता इकडचं. कामगारांनी मला बेट्रीब्सराटवर, म्हणजे कंपनीतल्या त्यांच्या मंडळावर, निवडून दिलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मंदीमुळे कंपनीला चाळीस जण कमी करायचे होते. आठ आठवडे भांडून आम्ही आकडा एकोणीसवर आणला. वय, नोकरीची वर्षं, मुलंबाळं यांचे गुण धरतात. ज्याचे कमी, तो यादीत. खाली मंडळाची सही लागते. आमचे अध्यक्ष आजारी आहेत, म्हणून सोमवारी ती मी केली.

यादीत कुमार आहे. नांदेडचा, एकटा, गुण सगळ्यात कमी. दर रविवारी आमच्याकडे जेवतो. तो चिडला असता तर बरं झालं असतं. कँटीनमध्ये ट्रे ठेवत एवढंच म्हणाला, "अश्वजितदादा, तुम्ही मंडळात होतात, म्हणून मी दुसरीकडे अर्जच केला नाही." आज इराने सवयीने त्याचं ताट मांडलं. तो आला नाही.

फ्लिंटबद्दल मी परवा पुन्हा वाचलं. चव्वेचाळिसाव्या दिवशी तेही उठले. मागितलं होतं त्याहून कमीच कागदावर होतं, आणि लुईसची त्यावर सही आहे. हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाहीये. कदाचित लिहीतही असेन.

सही करताना मला दिनकरकाका आठवले. त्यांची ती अकरांची यादी आधी किती जणांची होती, हे आपण त्यांना कधी विचारलंच नाही. अजून दोन गल्ल्या पलीकडेच राहतात ना ते? जमलं तर जा. नाही गेलात, तर का नाही गेलात ते मला कळेल.

वाचनालयात मात्र खरं सांगा. ज्यांनी पेढे खाल्ले, त्या सगळ्यांना.

आईला नमस्कार.

उठलेला,
अश्वजित