अण्णा प्यायलेले नव्हते

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून कान उपटू नकोस. अक्षर बघ, म्हणजे कारण कळेल.

या महिन्यात माझ्या हातून पाच भिंगं फुटली. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढली, एवढी कधी फुटली नाहीत. घासायच्या चाकावर भिंग टेकवलं की हात आपणहून झटका देतो, कोणी कोपराला ढोसावं तसा. चिमी म्हणते, बाबा, तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या नाचता. मी म्हटलं, तुझ्या आत्याने लहानपणी नाचवलं, त्याची सवय आहे. पण काल मालकांनी जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. मी थेंबही घेत नाही, तुला ठाऊक आहे. आपले अण्णाही शेवटी असेच अडखळायचे, पण ते पिऊन.

तू प्रयोगशाळेत रोज रक्तं तपासतेस. एखादं टॉनिक सुचव. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.

तुझा बारक्या

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे अ. उ. आ.

तीन कागद फाडले, हा चौथा. टॉनिक नाही रे. आणि अण्णा प्यायलेले नव्हते.

चार वर्षांपूर्वी आमच्या इस्पितळात एक पेशंट आला. तसेच झटके, तशीच अडखळती जीभ, तसाच उगाच येणारा संताप. मला अण्णाच समोर दिसले. मेंदूच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, हा घराण्यातून उतरणारा आजार आहे. शरीर कसं घडायचं, कसं चालायचं, हे डीएनए नावाच्या लांबलचक मजकुरात लिहिलेलं असतं. त्यातला एकेक उतारा म्हणजे जनुक. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. अण्णांच्या एका प्रतीत तीन अक्षरांचा तोच तुकडा नको इतक्या वेळा लिहिला गेला असणार. या आजाराला एकच बिघडलेली प्रत पुरते. बस चालवायच्या नोकरीवरून आपल्या वडिलांना दारुडा म्हणून काढलं, आईनेही तेच धरून ठेवलं, आपणही.

मी तेव्हाच माझं रक्त दिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. माझ्यात ते नाही.

तुला सांगितलं नाही. तू धडधाकट होतास. तुझी झोप कशाला उडवू, असं स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे मी सुटले याची लाज वाटत होती. पुन्हा उत्तर देशील ना?

तुझी ताई

१६ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार लिहायला आज हात वळत नाही.

चार वर्षं! दर पत्रात तब्येत विचारायचीस, ती अशी? आणि अण्णा. शेवटची तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी पाण्याचा पेला मागितला, तर तो लांब ठेवून मी बाहेर निघून जायचो. आता कुणाचे पाय धरू?

हिशोब मलाही कळतो. अण्णांची दोन मुलं, निम्मा वाटा. तू सुटलीस म्हणजे तो माझाच. मग रक्त कशाला काढू? आणि माझ्याकडून चिमीकडे गेला असेल, तर तिला बावीस वर्षं मी काय पाजलं? ती दुकानातच शेजारच्या खोलीत गिऱ्हाइकांचे डोळे तपासते. दाराआडून तिचे हात बघत बसतो. मला वेड लागेल.

बारक्या

२१ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

शिव्या घाल, पण हे नीट वाच. तो वाटा नसतो. मी सुटले म्हणून तुझ्यावर काही ढकललं गेलं नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी दोन प्रतींपैकी एक नव्याने जाते. आधीच्या मुलाला काय गेलं याचा तिला पत्ता नसतो. तुझे हात मात्र मला घाबरवतात, खोटं बोलणार नाही. तुझ्यात असलंच, तरी चिमीला निम्मीच शक्यता, पूर्ण नाही. आणि तू तिला काही पाजलं नाहीस. अण्णांनी तुला दिलं नाही. कुणी निवडून देत नाही रे.

तपासणी कर. चिमीला सांग, पण तिने स्वतःचं रक्त द्यायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.

रागावलास तरी तुटू नकोस.

ताई

१६ एप्रिल

ती. आत्यास,
चिमीचा सा. न. वि. वि.

बाबांना आता पेन धरवत नाही, म्हणून मी लिहितेय. त्यांचा रिपोर्ट आला. आजार आहे.

दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी दाढी केली, दोनदा कापून घेतलं, आणि म्हणाले, बस डेपोत चल. तिथल्या कारकून बाईंसमोर स्वतःचा रिपोर्ट ठेवून त्यांनी सांगितलं, माझे वडील गाडीवर प्यायलेले नव्हते, आजारी होते, तशी नोंद करा. बाईंनी आजोबांचं नावही ऐकलं नव्हतं. जुनी कागदपत्रं केव्हाच रद्दीत गेली, म्हणाल्या. तरी त्यांनी कोरा कागद घेतला, बाबांनी सांगितलं तसं लिहिलं, खाली तारीख आणि शिक्का मारला. बाबा तिथल्या बाकावर बसून रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

काल मी माझं रक्त दिलं. समुपदेशक बाईंनी तीनदा विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं आणि घरी येऊन बाथरूमची कडी लावून घेतली. बाबा बाहेर उभे राहून सारखी माफी मागत होते. आत्या, मला ती ऐकवत नाही.

सहा आठवडे लागतील. तुम्ही ते एकटीने काढलेत, आणि पुढची चार वर्षंही. मला तसं जमायचं नाही. बाबांचा राग गेलाय की नाही, मी विचारलं नाही. पण आतल्या खोलीतली दुसरी खाट त्यांनी आज झटकून ठेवली. पत्राने आशीर्वाद नकोत या वेळी. तुम्ही या.

तुमची चिमी