नंबर तीनची सुरुवात

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०
यंदा संकल्प एकच, पण पाळायचा. रामा मास्तरांच्या बँडमध्ये गिटार मी वाजवणार.
मास्तरांचा बँड लग्नाचा, माकुणसारचा, चौदा माणसांचा. पौषात लग्नं नाहीत, म्हणून महिनाभर मोकळे. २५ तारखेला पालघरच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. मुंबईच्या एका संगीत संस्थेच्या हेतल मॅडम येणार आणि एका ट्रंपेटवाल्याला वर्षभर शिकायला घेऊन जाणार. बँडात ट्रंपेटवाले तीन. त्यातली एक आमची प्रियू.
संस्थेत जुनं अमेरिकन नाचाचं संगीत शिकवतात, स्विंग. म्हणून मास्तरांनी तसले तीन नंबर, म्हणजे गाणी, बसवायला घेतलेत. त्यांचा गिटारवाला नेमका डिसेंबरात वापीला नोकरीला गेला. मी लगेच हात वर केला. प्रियूने विचारलं, बाबा, तुम्हाला येते? म्हटलं, कॉलेजात वाजवायचो.
(दोन गाणी. पण वाजवायचो.)

२ जानेवारी, गुरुवार
मोबाईलवर माहिती काढली. स्विंगच्या गिटारीत सहापैकी तीनच तारा वाजवतात. म्हणजे गिटार अर्धीच शिकायची! एका आवर्तनात चार ठोके, सगळे सारखे. ठोका पडला की डाव्या हाताची बोटं लगेच ढिली करायची, आवाज लांबता कामा नये. कॉर्ड, म्हणजे बोटांची पकड, मात्र दर दोन ठोक्यांना बदलते.
तेवीस दिवस. भरपूर आहेत. उद्यापासून सुरुवात.

३ जानेवारी, शुक्रवार
सेकंड शिफ्ट. उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार. दुपारी
पहिली तालीम, माकुणसारला मास्तरांच्या अंगणात. बोटं दुखली. मास्तर म्हणाले, गिटार लोकांना आयकू नाय आली तरी चालंल, पण वाजवनाऱ्यांना पायाखाली जमीन हाय असं वाटला पायजे. मी मान डोलावली. जमीन म्हणजे मी. जबाबदारीचं काम आहे.
प्रियू उभी राहून वाजवत होती. सात वर्षं शिकतेय. शिफ्टपायी मी तिला आजवर दोनदाच नीट ऐकलं होतं. आज दोन हातांवरून ऐकलं. छातीत काहीतरी झालं. ॲसिडिटी असेल, पण मला वाटतं नसावी.
मास्तरांनी प्रत्येकाला सरावाची वही दिली. रोज किती वाजवलं, कोणता नंबर, काय अडलं, ते लिहायचं. दर रविवारी ती दाखवायची.

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी
वही भरून टाकली. २५ तारखेपर्यंतची.
ही फसवणूक नव्हे. चोवीस वर्षं तारापूरला प्लांटवर आहे. तिथे दर तासाला लॉगशीटवर टेंपरेचर-प्रेशर लिहायचं असतं. नवीन पोरं दर तासाला उठतात. जुना माणूस शिफ्टच्या सुरुवातीलाच आठही तासांचं लिहून मोकळा होतो, कारण ८२ असतं ते ८२च राहतं. याला अनुभव म्हणतात. तसंच मी रोज ‘दोन तास, नंबर १, २, ३. नॉर्मल.’ असं लिहिलं. मध्ये दोन दिवस ‘अडीच तास’ केलं, खरं वाटावं म्हणून. म्हणजे, खरं आहेच. व्हायचंय एवढंच.
आता लिहिण्यात वेळ जाणार नाही. सगळा वेळ वाजवण्याला.

८ जानेवारी, बुधवार
वीस मिनिटं वाजवलं. प्रतीक्षाने स्वयंपाकघरातून विचारलं, काही सांडलं का? म्हटलं, हा स्विंग आहे. ती म्हणाली, बरं, मग पुसायला नको.
बायकोचा पाठिंबा हा विषय बंद.

९ जानेवारी, गुरुवार
मास्तरांचा फोन. गुरुवारची तालीम फक्त फुंकणाऱ्यांची, मी यायची गरज नाही. साहजिक आहे. त्यांचंच कच्चं असणार.

१२ जानेवारी, रविवार
महत्त्वाचा दिवस. वही मास्तरांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. पुढची पानंही उलटली. मग वही प्रियूला दिली. तिनेही पाहिली, बराच वेळ. मला वाटतं, अक्षर आवडलं.
त्यानंतर दोघं अंगणातल्या पंपाजवळ जाऊन काहीतरी बोलले. परत आल्यावर मास्तर म्हणाले, नंबर तीनची सुरुवात एकट्या गिटारवर करायची. चार आवर्तनं, सोळा ठोके. सगळा बँड गप. मग प्रियू ट्रंपेटवर उचलणार.
माझ्यावर एवढा विश्वास! मी विचारलं, कोणी सुचवलं? मास्तर म्हणाले, तुमच्या पोरीनं.
प्रियू माझ्याकडे बघत होती. म्हणाली, बाबा, जमेल ना? नसेल तर आत्ता सांगा, काही बिघडत नाही. मी म्हटलं, वही बघितलीस ना?
ती म्हणाली, हो, बघितली.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. सुट्टी होती, वाजवणार होतो. तिळगूळ द्यायला लोक आले. हाताला पाक चिकटला की तारा खराब होतात. यंत्राची काळजी आधी.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी ३
आज तासभर बसलो. सोळा ठोके. सातव्यावर कॉर्ड बदलताना तिसरं बोट कुठे जातं ते देवाला ठाऊक. मोबाईलवर ठोके लावून बघितले: मी पुढे पळतो. मोबाईलचा ताल मंद असावा, बॅटरी २१ टक्के होती.
प्रियू तालमीला गेली. आज परत फुंकणाऱ्यांचीच. हे लोक फार सराव करतात. आत्मविश्वास कमी.

१९ जानेवारी, रविवार
तालमीत नंबर तीन. मी सांगितलं, बोट कापलंय, सुरुवात आज नुसती समजून घेऊ. चिकटपट्टी लावूनच गेलो होतो. मास्तर म्हणाले, हां, समजून घ्या. ड्रमवाला विपुल खाली बघून हसला. तो कायम हसतो.
प्रियूने परतीच्या वाटेवर स्कूटरवर विचारलं, कुठलं बोट, बाबा? मी दाखवलं. ती म्हणाली, सकाळी पट्टी दुसऱ्या बोटाला होती.
जखमा पसरतात. हे मी तिला सांगितलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार. पहाटे ५
जाग आली. चार दिवस. हिशेब केला: अठरा तास वाजवता येईल. वहीप्रमाणे मात्र माझे एकतीस तास झालेले आहेत. दोन्हींचा मध्य काढला तरी मी तयार आहे.

२२ जानेवारी, बुधवार
सकाळी प्रियूने चहा आणून दिला आणि समोर बसून राहिली. म्हणाली, बाबा, सुरुवात ड्रमवर करता येईल. विपुलला येते. मी म्हटलं, मग मी काय करू? ती म्हणाली, बाकी सगळं वाजवा ना, माझ्याजवळ बसून.
मला राग आला. एवढ्या पुढे येऊन पोरीने बापाला मागे बसवायचं? म्हटलं, तू तुझं बघ. ती उठून गेली. चहा गार झाला.
असं बोलायला नको होतं. पण गिटारवाल्याने शेवटच्या आठवड्यात कठोर राहावं लागतं.

२४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७
प्लांटवरून लवकर आलो. अडीच तास वाजवलं. खरोखर. अकरा ठोक्यांपर्यंत जातो. बाराव्याला हात गोठतो. बाराव्यालाच का, कळत नाही. सतरा वेळा केलं. सतरा वेळा बारावा.
प्रतीक्षा दारात उभी होती. म्हणाली, तिला सांगून टाका. मी म्हटलं, काय? ती आत गेली.
उद्या तिच्या वर्षभराचा प्रश्न आहे, हे मला कळतं. न कळायला मी काय दगड आहे का?
सांगायचंच असतं तर बारा तारखेला. आता उशीर झाला. आता वाजवणं हाच उपाय.

२५ जानेवारी, शनिवार. सकाळी ९
हॉल मोठा आहे म्हणे. गिटार पुसली.

२५ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७.४०
कार्यक्रम यशस्वी. नंबर एक, दोन उत्तम. नंबर तीनच्या सुरुवातीला मी ऐन वेळी एक प्रयोग केला. सोळा ठोके जाणीवपूर्वक शांतता ठेवली. त्यामुळे ट्रंपेटचा प्रवेश फारच उठून दिसला. हेतल मॅडमनी प्रियूची निवड केली. जमीन पायाखाली असते, ती दिसायची गरज नसते.
बाकी सविस्तर उद्या.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी
प्रियूची निवड सोडून कालचं खोटं आहे. खोडत नाही, राहू दे.
झालं ते असं. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हॉल गप्प. हेतल मॅडम पहिल्या रांगेत वही उघडून बसलेल्या. मी पहिली कॉर्ड धरली. उजवा हात वर नेला आणि तो तिथेच राहिला. बारावा ठोका फार लांबचा झाला, मी पहिलाही मारू शकलो नाही.
प्रियू माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ट्रंपेट ओठाला लावून तिने उजव्या पायाच्या टाचेने ठोके धरले, अगदी हळू. मला ऐकू येत होते. एक ते सोळा. मी त्यातल्या कुठल्याही ठोक्यावर हात खाली आणला असता तरी चाललं असतं. सोळा झाले आणि तिने उचललं. सगळा बँड तिच्यासोबत एकदम आला, एकजणही चुकला नाही. मी शेवटपर्यंत गिटार धरून बसलो.
परतताना उमरोळी गेल्यावर मी स्कूटरवरूनच विचारलं, सगळे इतके बरोबर कसे आले? ती मागे ट्रंपेटची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, आम्ही सगळेच दर गुरुवारी तुमच्याशिवाय बसवत होतो.
मी स्कूटर बाजूला घेतली. विचारलं, मग मला सुरुवात दिलीच कशाला? विपुलला द्यायची, जोखीम कशाला घेतलीस, एवढं मोठं होतं तुझ्यासाठी.
ती म्हणाली, तुमची वही पुढच्या तेरा दिवसांची भरलेली होती. मास्तर म्हणाले, ह्यांना काढून टाकू. मी म्हटलं, नको, एवढं अवघड दिलं की ते स्वतःच येऊन सांगतील, जमत नाही म्हणून. मग मी शिकवीन. मला येते थोडी गिटार. रोज वाट बघितली. बावीसला तर विचारायलाच आले होते.
ट्रक जात होते. मी म्हटलं, पुढच्या कार्यक्रमाला आपण दोघं आधीपासून बसू, तू सांगशील तसं.
ती म्हणाली, बाबा, मी सोमवारी जातेय. पुढच्या कार्यक्रमाला मी नसणार.